गोठा मोजला का?



या उन्हाळ्यात आपल्या भागातल्या दोन-तीन वाड्यांवर शेळ्यांच्या योजनेचे फॉर्म भरून घेतले. दहा शेळ्या, एक बोकड. त्याच्या मागोमाग एक संस्था आली. बायांना लोकरीचं विणकाम शिकवतो म्हणाली, सुया आणि लोकरीचे गुंडे फुकट. दळीवर छोटं घर, दारात शेळ्या-कोंबड्या, दुपारी बाया विणतील, चार पैसे सुटतील, वीटभट्टीवर जायला नको. चित्र चांगलं आहे, आम्ही त्याला नाय म्हणत नाही. भट्टीची उचल कोण हौसेने घेतं? पण एक विचारतो. शेळ्या बांधणार कुठे, आणि चारणार कुठे?

दाव्याच्या मोजणीला माणसं आली तेव्हा काय झालं ते आठवा. हातात जीपीएसचं मशीन, आणि फिरले फक्त नाचणीच्या तुकड्याभोवती. गोठा बाहेर राहिला, खळं बाहेर राहिलं, वरीसाठी पड ठेवलेला उतार पण बाहेर. आपण मुकाट त्यांच्या मागे चाललो, कारण शेती म्हणजे नांगर फिरतो तेवढीच असं आपल्यालाच वाटतं. तसं नाही. वनहक्क कायद्याच्या 2012 च्या सुधारित नियमांत लिहिलं आहे की गुरं ठेवायची जागा, उफणणीची जागा, आळीपाळीने पड ठेवलेली जमीन, झाडांचं पीक, माल साठवायची जागा, हे सगळं कसण्याच्या जमिनीतच धरायचं. मर्यादा 4 हेक्टरची, म्हणजे सुमारे दहा एकर. आपल्या बहुतेकांचं एवढं भरतच नाही. मग गोठा सोडला का? आणि गोठा मोजणीबाहेर राहिला तर उद्या त्यालाच नवीन अतिक्रमण म्हणायला गार्डाला कितीसा वेळ लागेल?

आता चराई. शेळी जंगल खाते, म्हणून बंदिस्त पाळा, असं योजनेचे साहेब सांगतात. हिशोब करा. मोठी शेळी दिवसाला 3-4 किलो ओला पाला खाते. दहा शेळ्यांना 30-40 किलो. हा पाला साहेबांच्या कचेरीतून येणार नाही, जंगलातूनच येणार, आणि बाईच्या डोक्यावरून येणार. रोज. शेळी आपल्या पायाने चरायला गेली तर गुन्हा, आणि बाईने भारा आणला तर ती आधुनिक पद्धत! त्यात भाऱ्यासाठी कोयता धरला म्हणून तिला अडवलं तर कोणाला सांगायचं?

1927 च्या वन कायद्याने राखीव जंगलात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात घालायची मुभा दिली आहे, आणि कोंडवाड्याचा कायदा तर 1871 चा. आपल्या आज्या-पणज्यांनी दंड भरले. त्या जुन्या पावत्या कोणाच्या पत्र्याच्या पेटीत असतील तर चुलीत घालू नका. या जंगलात आपली गुरं चरत होती हे खात्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलेलं आहे. 2006 च्या कायद्यात चराई हा सामूहिक हक्क आहे. पुरावा म्हणून पूर्वापार चराईची जागा आणि गुरांचं पाणवठ्याचं ठिकाण दाखवता येतं. म्हाताऱ्यांचा जबाब लिहून घेतला तर तोही चालतो. एकच पुरावा देऊन बसू नका, एकापेक्षा जास्त जोडा.

लोकरीबद्दल आमचं मत थोडं वेगळं आहे, काही बायांना ते रुचणार नाही. संस्थेने दिलेली लोकर मेंढीची नाहीच. तो कारखान्यातला अॅक्रिलिकचा धागा आहे. गुंडे संपले की बाजारातून विकत आणायचा, आणि कोकणात स्वेटर घालणार कोण? शिकायला हरकत नाही, हातात कला येते. पण तिच्या भरवशावर घर चालेल असं कोणी सांगत असेल तर आधी गिऱ्हाईक दाखवा म्हणावं.

मेंढी आपल्या पावसात टिकत नाही, ओलीने तिचे खूर कुजतात. म्हणून तर धनगर भातकापणी झाली की घाट उतरतात आणि पावसाआधी परत चढतात. ते वर्षातून दोनदा लोकर कातरतात, त्यांच्या बाया सूत काढतात, सणगर चिंचोक्याची खळ लावून घोंगडी विणतो. ती लोकर जाडीभरडी, अंगाला टोचते, पण लावणीच्या पावसात डोक्यावर घोंगडीच लागते. ती आपण त्यांच्याकडून घेतो, ते आपल्या शेतात मेंढ्या बसवून खत देतात, आपण भात देतो. हा व्यवहार जुना आहे. गेल्या वर्षी एका वाडीवर गार्डाने आपल्याच पोरांना धनगरांच्या अंगावर सोडलं, तुमचा चारा खातात म्हणून. पोरं गेली पण. ज्या कलमात आपली चराई आहे त्याच कलमात भटक्या पशुपालकांचा हंगामी हक्क आहे. त्यांना हाकललं तर आपण स्वतःचंच कलम फाडतो. सामूहिक दाव्यात त्यांच्या येण्याजाण्याची वाट नकाशावर दाखवा.

तेव्हा शेळीचा फॉर्म भरा, पण आधी ग्रामसभेत फेरमोजणीचा ठराव घ्या. उपविभागीय समितीने दावा फेटाळला असेल तर निकालापासून 60 दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं, तारीख मोजून ठेवा. पाऊस लागायच्या आत गोठ्याच्या नि खळ्याच्या कोपऱ्यांना दगड रोवा, आणि पुढच्या बैठकीला येताना पेटीतल्या पावत्या सोबत आणा.