गावचा अभिमान ताटातही दिसू द्या

मराठवाडा-विदर्भातून मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत आलो, तरी ‘आमच्या गावची ज्वारीची भाकर!’ असं आपण अभिमानानं सांगतो. घरात मात्र सकाळी चहा-खारी, संध्याकाळी वडापाव. भाकर म्हणजे गरिबाचं खाणं, ही लाज आपण शहरात शिकलो.

मैद्यापेक्षा ज्वारीत तंतू कितीतरी जास्त. पोट साफ राहतं, भूक लवकर लागत नाही. जवसाच्या चटणीत ओमेगा-३ असतं. मात्र मधुमेह असेल तर भाकरीही मोजूनच खा, बीपी असेल तर चटणीत मीठ कमी घाला.

रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीन दिवस भाकरी करा. पण कामावरून दमून आलेल्या आईवरच तो भार नको. भाकर थापायला मुलांनीही शिकावं.