आधी नदी अडवली, आता समुद्र अडवायला पैसा



आपली नर्मदामाय जिथं समुद्राला मिळते, तिथं भरूचच्या खालच्या अंगाला भाडभूत नावाचं गाव आहे. या गावाजवळ नदीच्या पात्रात सरकार मोठा बंधारा बांधतंय. ऑक्टोबर २०१७ मध्ये पंतप्रधानांच्या हातून त्याची पायाभरणी झाली. खर्च ४,००० कोटी रुपयांच्या वर आहे. कारण सांगतात ते असं, की नदीचं पाणी खारट झालंय. भरतीला समुद्राचं पाणी नदीत शिरतं, विहिरी मचूळ होतात, शेतात मिठाचा पांढरा थर येतो. बंधारा झाला की खारं पाणी बाहेर राहील आणि आत गोड्या पाण्याचा मोठा तलाव होईल. त्यातून शहराला, शेतीला आणि दहेजच्या कारखान्यांना, सगळ्यांना पाणी मिळेल, असं सांगतात.

कोणी म्हणेल, आपण सातपुड्यातली माणसं, बहुतेकांनी समुद्र डोळ्यांनी पाहिलेला नाही, आपल्याला काय त्याचं? पण तो खारटपणा आपल्या बुडालेल्या शेतांपासूनच सुरू झालाय. म्हणून हा हिशेब आपणही मांडला पाहिजे.

नदी समुद्राला मिळते तिथं रोजची झटापट असते. भरतीला समुद्र आत ढकलतो, वरून येणारं गोडं पाणी त्याला मागं रेटतं. खंभातच्या आखातातली भरती देशातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांपैकी एक. तिला मागं रेटायचं तर नदीत जोर पाहिजे. तो जोर वरच्या धरणात अडकलाय. सरदार सरोवरापासून समुद्र सुमारे १५० किलोमीटरवर आहे. धरणाच्या मुख्य कालव्यात तोंडाशी ४०,००० क्युसेक पाणी मावेल असा तो बांधला. खालच्या नदीसाठी किमान किती सोडायचं ठरलं? ६०० क्युसेक. म्हणजे सेकंदाला १७ हजार लिटर. ऐकायला लय वाटतं, पण तिथल्या रुंद पात्रात, त्या भरतीपुढं ते म्हणजे नाल्याची धार. नदीपात्रातलं वीजघर चाललं तर खाली पाणी जातं, ते बंद राहिलं की पात्र सुकतं आणि समुद्र आत येतो.

हे कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. जागतिक बँकेनंच नेमलेल्या मोर्स समितीनं १९९२ साली लिहून ठेवलं होतं, की धरणाच्या खालच्या अंगाला काय होईल याचा नीट अभ्यासच झालेला नाही. त्याच्याही आधी, १९७९ साली, लवादानं पाणी वाटलं. एकूण २८ दशलक्ष एकर-फूट. मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५. बेरीज बरोबर २८ भरते. चार वाटेकऱ्यांत नदी स्वतः कुठंच नाही. खाली समुद्रापर्यंत जाणाऱ्या पाण्याला वाटा ठेवलाच नाही, मग समुद्र आपला वाटा घ्यायला आत आला, यात नवल ते काय?

आपलं भरूचच्या शेतकऱ्याशी भांडण नाही. त्याची विहीर खारट झाली तर त्याला गोडं पाणी मिळालंच पाहिजे, आजच मिळालं पाहिजे. पण बंधाऱ्यानं सगळ्यांचं दुःख सारखं मिटत नाही. तिथल्या मासेमार भावांचं जगणं हिलसा मासळीवर. ही मासळी पावसाळ्यात समुद्रातून नदीत चढते, गोड्या पाण्यात अंडी घालते. मधे भिंत आली की तिची वाट बंद, आणि मासेमाराचं जाळं रिकामं. म्हणून भरूचचे मासेमार या बंधाऱ्याच्या विरोधात उभे राहिले.

आपल्याला काय सांगितलं होतं? खालच्या तहानलेल्या माणसांसाठी तुम्ही त्याग करा. आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं त्यात गेली. मणिबेलीची माणसं पाण्यात उभी राहून लढली. कित्येक बिऱ्हाडांचा जमिनीचा कागद अजून कचेरीच्या दारात अडकलाय. आणि ज्यांच्यासाठी त्याग करा म्हणत होते, त्यातल्याच खालच्या गावांच्या विहिरी आता खारट. वरच्याची जमीन गेली, खालच्याचं गोडं पाणी गेलं. पहिल्या भिंतीनं केलेली जखम भरायला दुसरी भिंत, आणि दोन्ही वेळा पैसा भिंतीलाच. पुनर्वसनाची जमीन मागितली की मात्र तिजोरी रिकामी असते.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे. आधी धरणातून खाली किती पाणी सोडतात ते रोजच्या रोज जाहीर करा, आणि खारटपणा मागं रेटेल इतकं सोडा. बंधाऱ्यातलं पाणी पहिल्यांदा पिण्याला, मग शेताला, कारखान्याला त्याच्या नंतर, हे कागदावर लिहून द्या. मासेमारांना विचारल्याशिवाय भिंत वर चढवू नका. आणि नदीचा हिशेब तुकड्यातुकड्यानं नको, अमरकंटकपासून समुद्रापर्यंत एकत्र करा.

आपल्या गावातही उद्या कोणी निधी घेऊन येईल. बंधारा, तलाव, योजना. पैसा बघून लगेच ठरावावर अंगठा देऊ नका. पेसा कायद्यानं १९९६ पासून सांगितलंय, की प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी ग्रामसभेला किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीला विचारलं पाहिजे. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ नं तर पाणलोट आणि पाण्याचे स्रोत जपायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. तो वापरा. ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा, आणि उत्तरं ठरावात लिहून घ्या. हे पाणी कोणाच्या वाट्यातून काढणार? ते कोणाला देणार? आणि आपल्या खालच्या गावाला काय उरणार? तिसरा प्रश्न विसरू नका. आपल्या खाली कायम कोणीतरी राहतं, जसे आपण नर्मदेच्या काठी कोणाच्या तरी वर राहत होतो.