पी.टी.च्या सरांचा सत्कार कोणत्या हिशेबाने?

29 ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन आणि 5 सप्टेंबरला शिक्षक दिन. या दोन तारखांच्या आसपास सत्कारांचे पीक येते. शारीरिक शिक्षण शिक्षकांच्या संघटनाही आपल्या काही सभासदांचा गुणगौरव करतात. एखादे सभागृह, हार, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि लांबलेली भाषणे. ज्यांचा सत्कार होतो त्यांना तो मिळायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. माझा प्रश्न आहे तो सत्कारासाठी माणूस निवडताना लावल्या जाणाऱ्या हिशेबाचा. आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांनी थोडा धीर धरावा.

खेड्यातल्या मुलाचे वजन-उंची पाच-सहा वर्षांपर्यंत अंगणवाडीताई बघतात. लसी टोचल्या जातात. नंतर मूल शाळेत जाते आणि आरोग्यखात्याच्या नजरेतून जवळजवळ नाहीसे होते. मुलगा थेट भरतीच्या वैद्यकीय तपासणीला आणि मुलगी थेट पहिल्या बाळंतपणाला डॉक्टरांसमोर उभी राहते. मधल्या काळात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुले तपासून जाते. हा कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला सुरू झाला. चांगलाच आहे. पण वर्षाच्या बाकीच्या दिवसांचे काय? त्या दिवसांत या मुलांना पळताना, धापा टाकताना, लंगडताना, मटकन खाली बसताना बघणारा एकच शिकलेला माणूस गावात असतो. तो म्हणजे शाळेतले पी.टी.चे सर, किंवा मॅडम.

रोहिणखेडात दवाखाना चालवताना मला हे वारंवार दिसले आहे. मागे परिसरातल्या एका शाळेचे शिक्षक नववीतल्या मुलीला घेऊन आले. सोबत मुलीची आई नव्हती, ती मजुरीला गेली होती. म्हणून सरांनी आपल्या पत्नीला बरोबर आणले होते. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ही पोरगी खो-खोत वाऱ्यासारखी पळायची. आता एका फेरीतच बसते. घरचे म्हणतात, आळशी झाली." डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली तर आतला भाग कागदासारखा पांढरा. हिमोग्लोबिन सात भरले. पाळीत रक्त जास्त जात होते आणि ते कोणाला सांगायचे हे तिला कळत नव्हते. जंताचे औषध, लोहाच्या गोळ्या, पाळीचा उपचार आणि घरच्यांना चार शब्द सांगितल्यावर तीन-चार महिन्यांत मुलगी पुन्हा मैदानावर आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे वर्गात वीस मुली असतील तर अकरा-बारा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली घेतात की दप्तरात टाकतात, हेही बहुतेक वेळा या सरांनाच ठाऊक असते.

त्या सरांना कधी कुठला पुरस्कार मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यांच्या शाळेचा संघ जिल्ह्याच्या पुढे गेला नाही.

सांगायचा मुद्दा हा की, आपले सगळे क्रीडा पुरस्कार पदके मोजतात. केंद्र सरकारचा द्रोणाचार्य पुरस्कार 1985 साली सुरू झाला. पहिल्याच वर्षी कुस्तीसाठी भालचंद्र भास्कर भागवत यांना तो मिळाला. 1990 साली रमाकांत आचरेकर सरांना मिळाला आणि 2010 साली ते पद्मश्री झाले. आचरेकर सरांची मेहनत कोणी नाकारणार नाही; पण सचिन तेंडुलकर त्यांच्या हाताखाली घडला नसता तर शिवाजी पार्कबाहेर किती जणांनी त्यांचे नाव ऐकले असते? (ज्या गुरूने शिष्याचा अंगठा मागून घेतला त्याचे नाव प्रशिक्षकांच्या पुरस्काराला असावे, हे मला डॉक्टर म्हणून नेहमी खटकते. असो.) राज्य शासनाच्या शिवछत्रपती पुरस्कारांतही उत्कृष्ट क्रीडा मार्गदर्शकाचा मान आहे. तिथेही शिष्यांनी राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत काय मिळवले ते पाहिले जाते. या मोठ्या पुरस्कारांनी पदके मोजावीत, ते त्यांचे कामच आहे. राज्य शिक्षक पुरस्कारांत कला आणि क्रीडा शिक्षकांसाठी वेगळा गट ठेवलेला आहे, हीही चांगली गोष्ट. परंतु शिक्षकांच्या स्वतःच्या संघटनेने तोच गज हातात घ्यावा, हे मला पटत नाही. आपल्या माणसाचे रोजचे काम काय आहे हे संघटनेला मंत्रालयापेक्षा जास्त ठाऊक असते.

या संघटनांनी काही केले नाही असे मात्र मुळीच म्हणता येणार नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी निदेशक द्यायला सांगितले, पण तो अर्धवेळ. 2015 साली आपल्या राज्यात कला-क्रीडा शिक्षकांना तासिकेमागे 50 रुपये मानधनाचा निर्णय निघाला. पन्नास रुपये! बांधावर खुरपणाऱ्या बाईलाही दिवसाची मजुरी याहून बरी मिळते. 2017 साली शारीरिक शिक्षणाच्या तासिका कमी करण्याची वेळ आली. या प्रत्येक वेळी संघटना बोलल्या, निवेदने दिली, आंदोलने केली. त्यात त्यांच्या नोकरीचा प्रश्न होता, तसा तुमच्या-माझ्या मुलांच्या प्रकृतीचाही होता. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर दमछाक होईल इतके खेळावे. 2016 च्या आकडेवारीनुसार जगातली 11 ते 17 वयाची दर शंभरातली 81 मुले तेवढी हालचाल करीत नव्हती. आठवड्याला दोन-तीन तासिका, त्यातली एक गणिताच्या सरांनी मागून घेतलेली, तर दुसरे काय होणार? पालकांनी त्या वेळी संघटनांच्या पाठीशी उभे राहायला हवे होते. आपण राहिलो नाही.

विदर्भाला हा विषय नवा नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून काम करते आहे. 1936 साली त्यांचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले. अमरावतीत शिकलेले शिक्षक वऱ्हाडभर पसरले आहेत. शिक्षण कमी पडते असे नाही. नोकरीला लागल्यानंतर पुढची वीस-पंचवीस वर्षे त्या शिक्षकाकडे कोणी बघत नाही, ही अडचण आहे. मैदानावर फक्की मारण्यापासून ते तालुका स्पर्धेचे संयोजन करण्यापर्यंत सगळे त्याच्या गळ्यात. वर निवडणुकीची कामे, ध्वजवंदन, पोषण आहाराची नोंद आणि मुलांना शिस्त लावण्याचा ठेका. कबड्डीत एखाद्याचा खांदा निखळला की पालक आधी त्यालाच जाब विचारतात.

अमेरिकेत शाळांच्या क्रीडासंस्थांचा एक राष्ट्रीय महासंघ आहे, इंडियानापोलिस येथे. त्याच्याशी जोडलेली शालेय प्रशिक्षकांची संघटना आहे. तीही सत्कार करते. पण सभासदाला वर्गणीबरोबर दायित्व विमा मिळतो, म्हणजे मैदानावर अपघात झाला आणि कोणी दावा लावला तर प्रशिक्षक एकटा पडत नाही. डोक्याला मार लागल्यावर काय करायचे याचा अभ्यासक्रम त्या महासंघाने 2010 साली विनामूल्य खुला केला. त्याच्या आदल्या वर्षी वॉशिंग्टन राज्याने कायदा केला होता की डोक्याला मार लागलेला विद्यार्थी त्या दिवशी परत खेळायला उतरणार नाही, आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय पुढेही नाही. 2014 पर्यंत सगळ्या 50 राज्यांत असे कायदे झाले. आपल्याकडे कबड्डीत डोक्यावर डोके आपटते, पोराला क्षणभर अंधारी येते, कोणीतरी तोंडावर पाणी मारते आणि "काही नाही, ऊठ, पळ" म्हणते. मेंदूला एकदा हादरा बसलेला असताना लगेच दुसरा बसला तर तो जिवावर बेतू शकतो, हे त्या मैदानावर कोणाला कोणी शिकवले आहे?

म्हणून माझी सूचना अशी. जिल्हा संघटनेने सत्काराच्या खर्चातला अर्धा भाग बाजूला काढावा आणि वर्षातून एक दिवस प्रथमोपचाराच्या शिबिराला द्यावा. छाती दाबून हृदय चालू ठेवणे, मोडलेले हाड न हलवता बांधणे, दम्याच्या मुलाचा पंप वापरणे, हे एका दिवसात शिकवता येते आणि दरवर्षी उजळणी केली की टिकते. बुलडाण्याला जिल्हा रुग्णालय आहे, डॉक्टरांची संघटना आहे. मागितले तर शिकवायला माणूस मिळेल. विम्याचे सामूहिक विचारले तर ते एकट्यापेक्षा स्वस्त पडते. आणि सत्कारासाठी नावे मागवताना अर्जात दोन-चार प्रश्न वाढवावेत. शाळेतली किती मुले-मुली वर्षभर मैदानावर उतरली? फक्त संघातली अकरा-बारा की सगळी? मुलींचे खेळणे आठवीनंतर सुटले की टिकले? किती मुले तपासणीला पाठवली? मैदानावर प्रथमोपचाराची पेटी आहे का, आणि ती उघडी असते की कार्यालयाच्या कपाटात कुलपात? असे विचारले तर कधीतरी त्या खो-खोवाल्या सरांचे नाव पुढे येईल.

पाठवायचे म्हणजे कोणाला, तेही सांगतो. घसा दुखून गेल्यावर काही आठवड्यांनी ज्याचे सांधे एकामागून एक सुजले आणि आता जो थोडे पळताच धापा टाकतो, तो मुलगा ताबडतोब डॉक्टरांकडे गेला पाहिजे. हा सांधेतापाचा प्रकार असू शकतो. त्यात हृदयाच्या झडपा बिघडतात, आणि वेळीच कळले तर दर 21 दिवसांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन देऊन पुढचे नुकसान टाळता येते. पळताना छातीत दुखते किंवा चक्कर येऊन मूल पडते, घरात कोणी तरुणपणी अचानक गेले आहे, अशा मुलाला तपासणीशिवाय शर्यतीत उतरवू नये. पळून झाल्यावर खोकल्याची ढास लागते त्याला दमा असू शकतो. औषध घेऊन तो उत्तम खेळेल. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याखाली टेंगूळ येऊन दुखत असेल तर बहुधा वाढीच्या वयातला त्रास असतो. उड्या काही दिवस कमी केल्या की बसतो. त्यावर मालिश करू नये.

आपण घाटाखालचे लोक, आपल्याला आणखी एक गोष्ट जपावी लागते. बुलडाण्याला गार वारा असतो तेव्हा मोताळा-मलकापुराकडे अंगाची लाही होते. पावसाने उघडीप दिली की भाद्रपदातले आणि आश्विनातले ऊन दमट आणि वाईट, आणि शालेय स्पर्धा नेमक्या त्याच दिवसांत येतात. दुपारी बाराला धावण्याची अंतिम फेरी ठेवायची आणि पाहुणे उशिरा आले म्हणून मुलांना उन्हात रांगेत उभे करायचे, हे संघटनेने एका ठरावाने बंद करावे. पळणारे मूल अडखळू लागले, असंबद्ध बोलू लागले, अंग तापलेल्या तव्यासारखे लागले तर तो उष्माघात समजावा. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर गार पाणी ओतत राहावे आणि वारा घालावा. 108 ला फोन करावाच, पण गाडी येईपर्यंत थांबू नये. अंग गार करणे हाच पहिला उपचार. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

भरतीच्या पोरांचा उल्लेख केल्याशिवाय हे लिखाण पुरे होणार नाही. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावायचे असते, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर फाटक्या बुटांनी ही मुले पळतात, नडगी दुखली की मेडिकलवरून दुखणे थांबवायची गोळी घेऊन पुन्हा पळतात. मग माझ्याकडे येतात ती नडगीच्या हाडाला बारीक तडा गेल्यावर किंवा गोळ्यांनी पोटात जखम झाल्यावर. शाळा सोडून त्यांना दोन-तीन वर्षे झालेली असतात, तरी सल्ला विचारायला ती जुन्या पी.टी.च्या सरांकडेच जातात आणि सर शाळा सुटल्यावर त्यांना वेळ देतातही. या कामाची नोंद कोणत्याच रजिस्टरला होत नाही. संघटनेच्या अर्जात त्यालाही एक ओळ द्यावी.

यंदाच्या तालुका स्पर्धेला मैदानावर पाण्याचे पिंप ठेवणाऱ्यांसाठी प्रमाण देऊन ठेवतो. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चव घेऊन पाहावी, अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. सकाळी केलेले पाणी संध्याकाळी उरले तर टाकून द्यावे.