फेशियलच्या आधी त्वचा वाचायला शिकवा

दहावी-बारावीचे निकाल लागले की दरवर्षी गावात ठिकठिकाणी फलक झळकू लागतात. 'तीन महिन्यांत ब्युटिशियन व्हा', 'घरबसल्या स्वतःचा व्यवसाय', 'प्रमाणपत्र मिळेल'. या फलकांविरुद्ध माझी काही तक्रार नाही. घराच्या पुढच्या खोलीत एक आरसा, एक खुर्ची आणि एक दिवा एवढ्या भांडवलावर मुलाबाळांची शिक्षणे करणाऱ्या कितीतरी भगिनी मी पाहिल्या आहेत. हा कष्टाचा आणि मानाचा व्यवसाय आहे. पण अनेक ठिकाणी या तीन महिन्यांत काय शिकवतात, ते मी चौकशी करून पाहिले. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच, चार-पाच प्रकारचे फेशियल, मेंदी आणि वधूचा मेकअप. ज्या त्वचेवर हे सारे करायचे, ती त्वचा मात्र अभ्यासक्रमात नाही. असलीच तर एका तासात, वहीत उतरवून घेण्यापुरती.

माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी त्वचा, मग फेशियल. असे का म्हणतो, ते आज सांगायचे आहे.

डॉक्टरकडे माणूस दुखणे अंगावर निघेनासे झाले की येतो. पार्लरमध्ये मात्र बाई महिन्या-दीड महिन्याने जाते, चांगल्या उजेडात बसते, आणि तिची मान, पाठ, हात, हनुवटी, टाळू हे सारे पार्लरवाल्या ताई अगदी जवळून पाहतात. म्हणजे त्वचेवरची अनेक लक्षणे डॉक्टरच्या आधी त्यांच्या नजरेला पडतात. तीन उदाहरणे देतो.

पहिले, काळी पडलेली मान. मानेच्या मागची कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली की ती मळ समजून घासली जाते, तिच्यावर ब्लीच लावले जाते. वास्तविक हा मळ नव्हे. वजन वाढलेल्या माणसात ही खूण पुष्कळदा शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याचे सांगते. तिला ब्लीच नको, रक्तातील साखरेची तपासणी हवी.

दुसरे, हनुवटीवर वारंवार येणारे राठ केस. त्याच्या जोडीला न हटणारे मुरूम आणि अनियमित पाळी असेल, तर बीजकोशांच्या तक्रारीची शंका घ्यावी लागते. दर पंधरा दिवसांनी दोरा फिरवून ती तक्रार मिटत नाही.

तिसरे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे. हातापायांवर किंवा पाठीवर फिकट अथवा लालसर चट्टा आहे, तो खाजत नाही, दुखत नाही, आणि वॅक्सिंगचे गरम मेण लावले तरी तेवढ्या जागी चटका कळत नाही. असा बधिर चट्टा हे कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. २००५ च्या डिसेंबरात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून देशातून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले, त्यामुळे हा रोग संपला असे लोकांना वाटते. तो संपलेला नाही. मात्र सरकारी दवाखान्यात त्याचे औषध फुकट मिळते, सहा महिने ते वर्षभराच्या उपचाराने तो बरा होतो आणि वेळेवर लक्षात आला तर हातापायांत व्यंग येत नाही. एका पार्लरवाल्या ताईंची नजर एखाद्या बाईची बोटे वाचवू शकते. यात मला कसलीही अतिशयोक्ती वाटत नाही.

आता त्वचेच्या परीक्षणाविषयी. 'स्किन अ‍ॅनालिसिस' हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. काही ठिकाणी त्यासाठी यंत्र असते, पडद्यावर चेहऱ्याचे रंगीत चित्र दिसते आणि त्याखाली लगेच महागड्या फेशियलची शिफारस येते. खरे परीक्षण यंत्रावाचूनही होते. चेहरा सौम्य साबणाने धुऊन काहीही न लावता तासभर थांबावे. कपाळ, नाक व हनुवटीवरच तेल आले तर त्वचा मिश्र, सगळीकडे आले तर तेलकट, ओढल्यासारखे वाटले तर कोरडी. हे झाले पहिले पाऊल. दुसरे पाऊल प्रश्नांचे आहे. पूर्वी कशाची अ‍ॅलर्जी आली होती का? चेहऱ्यावर सध्या कोणते मलम लावता? दिवस गेले आहेत का? मुरुमांसाठी गोळ्या चालू आहेत का? हा शेवटचा प्रश्न वरवरचा नाही. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्या मुलीचे वॅक्सिंग केले तर केसांबरोबर वरची कातडीही सोलून येऊ शकते.

तिसरे पाऊल रंगाचे आहे. अमेरिकेतील डॉ. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये, उन्हात कातडी भाजते की काळवंडते, यावरून त्वचेचे प्रकार मांडले. पुढे ते सहा झाले. आपल्याकडील बहुतेक लोक चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात. अशा त्वचेला कुठलीही इजा झाली की ती बरी होताना काळा डाग ठेवून जाते. म्हणून गोऱ्या कातडीसाठी सांगितलेले तीव्र आम्ल, जोरात घासणे किंवा ब्लीच जास्त वेळ ठेवणे आपल्याकडे उलटते. घरगुती उपायही त्याला अपवाद नाहीत. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. लिंबाचा रस त्याहून कितीतरी अधिक आम्ल, तर खाण्याचा सोडा अल्कधर्मी. दोन्ही चेहऱ्याला जाचतात. 'नैसर्गिक' म्हणजे 'निर्धोक' हे समीकरण विद्यार्थिनींच्या मनातून पहिल्याच आठवड्यात काढून टाकले पाहिजे.

काही विकार असे आहेत की ते दिसताच हात थांबला पाहिजे. गजकर्ण आणि खरूज टॉवेलमार्फत किंवा स्पर्शाने दुसऱ्याला लागू शकतात. चेहऱ्यावर चामखीळ असताना थ्रेडिंग केले तर दोऱ्याच्या रेषेत नव्या चामखिळी उगवतात. ओठांवर पाण्याचे बारीक फोड आले असतील तर फेशियल पुढे ढकलावे. कोड किंवा सोरायसिस असलेल्या त्वचेला घासले, ओरबाडले तर त्या जागी नवा चट्टा उठू शकतो. या साऱ्यांची पुस्तकी नावे पाठ असण्याची गरज नाही. 'हे माझे काम नव्हे, हे डॉक्टरांना दाखवा', एवढे ओळखता आले की पुरे.

यावर माझे काही व्यवसायबंधू म्हणतील, पार्लरवाल्यांना रोगनिदान शिकवायला निघालात काय? मुळीच नाही. निदान डॉक्टरांनीच करावे. पण एसटीच्या चालकाला इंजिन खोलता आले नाही तरी इंजिनाचा आवाज बदललेला कळावा लागतो.

आता लेपनांकडे आणि क्रीमांकडे वळू, कारण सर्वांत मोठे नुकसान तिथे होते. लग्नसराई जवळ आली की 'ताई, महिन्याभरात उजळेल असं काहीतरी द्या' ही मागणी ठरलेली. मग एखाद्या प्लॅस्टिकच्या डबीतून, नाव-गाव नसलेले, 'खास फॉर्म्युल्याचे' क्रीम दिले जाते. आठ-दहा दिवसांत चेहरा उजळतो आणि त्या डबीची कीर्ती गल्लीभर होते. अशा डबीत बहुधा दोनपैकी एक गोष्ट असते, स्टिरॉइड किंवा पारा. कधीकधी दोन्ही.

स्टिरॉइड हे औषध वाईट नाही. इसबासारख्या विकारात आम्हीच ते देतो, पण मोजक्या दिवसांसाठी. रोज चेहऱ्यावर चोळले की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरूम आणि केस वाढतात. थांबवले की चेहरा आगीसारखा होतो, म्हणून बाई पुन्हा तेच लावते. व्यसनाचाच हा प्रकार. देशातील १२ केंद्रांत झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत असल्याचे आढळले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ती मिळतात, हे आपण सारे जाणतो.

पाऱ्याची गोष्ट याहून गंभीर आहे. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तो कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी वृत्तपत्रांत आली होती. एकाच घरातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा त्याचे मूळ तिघी लावत असलेल्या उजळपणाच्या क्रीममधील पाऱ्यात सापडले. केरळात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतील १५ जणांत त्या विकाराचा एक विशेष प्रकार आढळला आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम वापरीत होते. चेहऱ्यावर लावलेल्या वस्तूने पायाला सूज यावी आणि लघवीला फेस यावा, हे सामान्य माणसाला सुचणारही नाही. पार्लर चालवणारीला ते ठाऊक असलेच पाहिजे.

म्हणून प्रत्येक विद्यार्थिनीला वेष्टन वाचता आले पाहिजे. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे घटकांची यादी छापावी लागते. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने येतात, म्हणजे पहिले नाव सर्वांत जास्त. डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडली तर इतरांत नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागाहून अधिक चालत नाही. मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल ही सारी पाऱ्याचीच नावे. 'सोन्या-चांदीला लागू देऊ नये' अशी सूचना क्रीमवर दिसली तरी सावध व्हावे. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही स्टिरॉइडची नावे. हायड्रोक्विनोन हे वांगावरचे औषध आहे, पण ते वर्षानुवर्षे लावले तर निळसर काळे डाग पडतात. केस काळे करण्याच्या कलपात आणि 'काळ्या मेंदी'त पॅरा-फिनिलिन डायअमीन असते. त्याची अ‍ॅलर्जी आली तर चेहरा सुजून डोळे मिटतात. कानामागे थोडा कलप लावून ४८ तास वाट पाहावी, हा साधा नियम त्यासाठीच आहे. आपली टिकलीही पाहा. काही टिकल्यांच्या गोंदातील एक रसायन रंगपेशी मारते आणि कपाळावर टिकलीएवढाच पांढरा डाग पडतो. तो लवकर लक्षात आला आणि टिकली बंद केली तर डाग पसरणे टाळता येते.

ही नावे वेष्टनावर इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत असतात आणि शिकणाऱ्या मुली बहुधा मराठी माध्यमातल्या. म्हणून दहा-पंधरा घातक नावांचा मराठी-इंग्रजी तक्ता प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लावला पाहिजे. त्याला खर्च एका कागदाचा. आणि ज्या डबीवर यादीच नाही, ती उघडायचीच नाही.

पार्लर चालवणाऱ्या भगिनींचा एक आक्षेप मला ठाऊक आहे. 'डॉक्टर, मी नाही म्हटलं तर गिऱ्हाईक पलीकडच्या पार्लरमध्ये जाईल.' आक्षेप खोटा नाही. काही गिऱ्हाइके जातीलही. पण चेहरा बिघडल्यावर ती बाई पलीकडच्या पार्लरचे नाव गावभर सांगते, आणि 'त्या ताईंनी मला आधीच डॉक्टरांकडे पाठवलं होतं' हेही सांगते. लहान गावात विश्वास हीच जाहिरात असते.

तेव्हा वर्ग चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत या विषयाचा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे. तुमचा तीन महिन्यांचा असेल तर त्यातला पहिला महिना त्वचेला द्या. मुलींना एकदा तरी शासकीय रुग्णालयाचा त्वचारोग विभाग दाखवून आणा. प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, अ‍ॅलर्जी आणि वापरलेली वस्तू लिहिलेले कार्ड ठेवायची सवय लावा. पालकांनीही फी भरण्याआधी विचारावे, 'मुलीला त्वचेचे विकार ओळखायला शिकवता का?' उत्तर 'नाही' आले तर दुसरा वर्ग पाहावा.

आणि वाचक भगिनींनो, खुर्चीत बसल्यावर डबी हातात मागून घ्या, तिच्यावरचे वाचा. त्यात संकोच कसला? भाजीवाल्याकडची वांगीसुद्धा आपण उलटूनपालटून पाहतो. घरातल्या थोरांनीही मुलीच्या रंगावरून बोलणे थांबवावे. मागणी आहे म्हणून ती डबी आहे. ज्यांनी असे क्रीम काही महिने लावले आहे, त्यांनी ते घेऊनच डॉक्टरांकडे जावे. स्टिरॉइड एकदम बंद केल्याने त्रास वाढू शकतो, म्हणून ते कसे थांबवायचे हे विचारावे, आणि पाऱ्याची शंका असेल तर क्रीम लावणे लगेच बंद करून लघवीची तपासणी करून घ्यावी.