भराव ज्याचा, भरपाई त्याची

पाणी ओसरले की पंचनामे, हा भिवंडी तालुक्यातला वार्षिक विधी आता पुरे झाला. तलाठी येतो, मोबाइलवर फोटो काढतो, कागदावर ‘अतिवृष्टी’ लिहितो आणि निघून जातो. शेजारच्या गोदामाखाली गाडलेला ओढा कागदावर येतच नाही. पाऊस आभाळातून पडला, हे खरे. पण ओढा आभाळाने बुजवलेला नाही. तो डंपरने बुजवला आहे.

पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोलीच्या गोदामपट्ट्यात हे कसे चालते ते शेंबडे पोरही सांगेल. उन्हाळ्यात रातोरात मुरूम पडतो, खाचराच्या वर पुरुषभर उंच जोते उठते आणि ओढ्याच्या जागी दोन सिमेंटचे पाइप येतात. जुलैत ते गाळाने आणि प्लास्टिकने तुंबतात. पत्र्याच्या छपरांवरचे पाणीही त्याच खाचरात उतरते आणि नुकतीच लावलेली भाताची रोपे जागीच कुजतात. मग मदत सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या खिशातून. भराव घालणारा मोकळाच!

कायदा नाही, असे कुणी सांगू नये. नैसर्गिक प्रवाह अडवून शेतीचे नुकसान करणारा अडथळा काढून टाकण्याचा अधिकार 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने तहसीलदाराला दिला आहे. अट एकच, दावा सहा महिन्यांत हवा. आपला शेतकरी मदतीच्या यादीत नाव शोधत दिवाळी ओलांडतो आणि मुदत संपते. नुकसानभरपाईसाठी दिवाणी न्यायालय आहेच. जाणूनबुजून पाणी तुंबवून नुकसान केले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 326 खाली पाच वर्षांपर्यंत कैदही आहे. भारताचे मँचेस्टर म्हणवणाऱ्या या गावाने एवढे तरी आठवावे: त्याच मँचेस्टरजवळच्या एका गिरणीवाल्याच्या तलावाचे पाणी शेजाऱ्याच्या कोळसा खाणीत शिरले, तेव्हा त्याचा स्वतःचा हलगर्जीपणा नसतानाही 1868 मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यालाच जबाबदार धरले. इथे तर उघड्या डोळ्यांनी ओढा बुजवला जातो.

‘गोदामांनी रोजगार दिला’ हे उत्तर ठरलेले आहे. दिला असेल. म्हणून शेजाऱ्याचे शेत बुडवायचा परवाना मिळत नाही. भराव ज्याचा, भरपाई त्याची.

खरा संताप महसूल खात्याचा येतो. मुरमाची रॉयल्टी घेणारे हेच, पंचनामा करणारे हेच आणि 1906 च्या कायद्याचे न्यायाधीशही हेच. ओढ्या-नाल्यांची मालकीही जमीन महसूल संहितेने सरकारकडे दिलेली. मालकाच्या डोळ्यांदेखत मालमत्ता चोरीला जाते आणि मालक फोटो काढतो! शेतरस्ते तीन-चार मीटर रुंद करून सातबारावर नोंदवण्याचा निर्णय सरकारने 2025 च्या मे महिन्यात घेतला; पाण्याच्या वाटेला तो मान का नाही? की महामार्ग आणि रेल्वेच्या भरावांखाली मोऱ्या किती ठेवल्या, हा प्रश्न मग सरकारलाच विचारला जाईल, म्हणून?

तालुक्यातल्या साठ गावांचे नियोजन एमएमआरडीएकडे आहे. गावनकाशावरचा ओढा जागेवर वाहताना दिसल्याशिवाय एकाही गोदामाला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. आणि तहसीलदारांनी पंचनाम्यात एक रकाना वाढवावा: पाणी कुणी अडवले?