ऑपरेशननंतर वजन परत वाढले तर

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनविषयी बोलणाऱ्या भगिनी आम्हाला दोन प्रकारच्या भेटतात. काहींना ते करायचे असते. त्या मोकळेपणाने विचारतात, खर्च किती, टाके किती, सुट्टी किती दिवसांची काढावी. दुसऱ्या भगिनींनी ते तीन-चार वर्षांपूर्वी केलेले असते आणि त्यांचे वजन आता पुन्हा चढू लागलेले असते. या आजूबाजूला कोणी नाही ना हे पाहून बोलतात, आणि बहुतेक वेळा प्रश्न विचारतच नाहीत. "सगळे वाया गेले आपा," एवढेच म्हणतात. या महिन्याचे सदर या दुसऱ्या भगिनींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

आधी शरीराचे थोडे समजून घेऊ. आज सर्वाधिक होणारे ऑपरेशन म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. त्यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडतात. दोन्हींत वजन साधारण पहिल्या वर्ष-दीड वर्षात झपाट्याने उतरते, मग थांबते, आणि त्यानंतर त्यातले काही परत येणे हे बऱ्याच जणांच्या बाबतीत घडते. डॉक्टर हे आधी सांगतातही. पण 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंनी भरलेल्या भिंतीखाली बसून ते कोणाच्या कानात शिरणार? पाच वर्षांनंतरचा तिसरा फोटो आम्ही तरी अजून कुठल्या भिंतीवर पाहिलेला नाही.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चार हजारांहून अधिक लोकांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. त्यांपैकी निम्म्या लोकांनी ऑपरेशन केले होते. २००७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गॅस्ट्रिक बायपास केलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले होते, दहा वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा २५ टक्के कमी होते. म्हणजे १०० किलोची बाई ६८ वर आली आणि पुढे ७५ वर स्थिरावली. तिच्या नणंदेने विचारले तर उत्तर येईल, 'सात किलो वाढली.' डॉक्टरांनी लिहिले तर ते लिहितील, 'पंचवीस किलो कमी.' आणि ऑपरेशन केलेल्या गटात मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले. अर्थात ही सरासरी झाली. कोणाचे याहून बरेच जास्त परत येते, आणि त्या भगिनीला सरासरी ऐकवून समाधान होणार नाही हे आम्हाला कळते.

वजन परत का येते? जठराच्या वरच्या भागात घ्रेलिन नावाचे भूक जागवणारे संप्रेरक तयार होते. स्लीव्हमध्ये तो भाग जातो, म्हणून सुरुवातीला भूक जणू हरवते. काळाने ती परत येते. उरलेली नळी हळूहळू थोडी सैल होऊ शकते. वजन उतरल्यावर शरीर कमी अन्नात भागवायला शिकलेले असते, त्यामुळे पूर्वी ज्या जेवणाने वजन जागच्या जागी राहायचे त्याच जेवणाने ते आता वाढते. त्यात थायरॉइड, मासिक पाळी बंद होण्याचा काळ, बाळंतपण, स्टिरॉइड किंवा मानसिक आजारावरची काही औषधे, तुटक झोप यांची भर पडते. यातले कितीसे 'मनावर ताबा नाही' या एका वाक्यात बसते, ते ज्याने त्याने ठरवावे.

सवयींचा वाटा नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. लहान झालेले जठर गोश्तच्या दोन बोट्या आणि अर्ध्या भाकरीने भरते, पण गोड चहा, शरबत, आइस्क्रीम, चहात बुडवलेली खारी यांना ते अडवत नाही. हे पदार्थ मऊ किंवा पातळ होऊन सरकत खाली जातात आणि पोट भरल्याची जाणीवच होत नाही. म्हणून असे होते की बाई दस्तरखानावर सगळ्यांत कमी जेवते, हे घरातले सगळे पाहतात, आणि तरी तिचे वजन वाढते. मग तिच्यावर चोरून खाण्याचा आरोप होतो. तिने चोरून काहीच खाल्लेले नसते. आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाबरोबर ती चहा प्यालेली असते.

आमच्या ओळखीच्या एक शिक्षिका आहेत. त्यांनी हातातल्या पाटल्या मोडून हे ऑपरेशन केले. तेव्हा वजन ११२ किलो होते, दीड वर्षात ७४ झाले. नवे ड्रेस शिवून झाले, जुने मोहल्ल्यात वाटून झाले. चौथ्या वर्षी काटा ८९ वर आला. त्या लग्नाला जाईनाशा झाल्या. नात्यातल्या वलीम्यात नान-खलिया वाढताना एका काकूंनी मोठ्याने म्हटले होते, "हिला जास्त वाढू नका, हिचे पोट शिवलेले आहे," आणि मग खालून वर बघत, "की उसवले?" सगळे हसले. त्याही हसल्या, असे त्यांनी आम्हाला सांगितले.

लग्ने सुटली त्याने फारसे बिघडले नाही. बिघडले ते पुढे. त्यांनी तपासणीला जाणे सोडले. त्या दवाखान्यात वजनाचा काटा बाहेरच्या खोलीत होता आणि आकडा मोठ्याने सांगून लिहिला जायचा. "डॉक्टरांनी एवढी मेहनत घेतली, त्यांना हे तोंड कसे दाखवू?" हे त्यांचे शब्द. वर्गात ज्या मुलाचे गुण घसरतात तेच मूल प्रगतिपुस्तक घरी द्यायच्या दिवशी गैरहजर असते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक होते. तपासणी गेली तशा गोळ्याही गेल्या, कारण गोळ्यांची बाटली दिसली की ऑपरेशन आठवायचे. या ऑपरेशननंतर बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे सहसा कायम घ्यावे लागते, कारण शरीर ते अन्नातून पुरेसे ओढून घेऊ शकत नाही. वर्षभराने त्यांच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना धाप लागू लागली. वाढलेल्या वजनाची शिक्षा म्हणून त्यांनी ते सोसले. रक्त तपासले तेव्हा बी-१२ अगदी तळाला आणि हिमोग्लोबिन ८ निघाले. बी-१२ ची कमतरता फार काळ राहिली तर नसांना झालेली इजा कायमची होऊ शकते. आमच्या मते त्या १५ किलोंनी त्यांचे जेवढे नुकसान केले, त्याहून अधिक त्या १५ किलोंच्या शरमेने केले.

आणखी एक गोष्ट त्यांच्या हिशेबातच नव्हती. ऑपरेशनपूर्वी त्या इन्सुलिन घेत होत्या. आता साखरेसाठी एक गोळी पुरते.

शेवटी त्यांची धाकटी बहीण बरोबर गेली. काट्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचा नाही, एवढे तिने आधीच सांगून ठेवले. तुम्हीही हे सांगू शकता, यात उद्धटपणा काही नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी 'काय खाता' असे न विचारता 'सकाळपासून काय काय प्यालात' असे विचारले. चहाचे सहा कप निघाले. आज त्यांचे वजन ८६ आहे. मुंग्या कमी झाल्या आहेत, पूर्ण गेलेल्या नाहीत.

अनेक भगिनी ऑपरेशनच लपवतात. सासरी 'पित्ताच्या खड्यांचे ऑपरेशन' म्हणून सांगितलेले असते, शेजारी 'रोज चालते' म्हणून. वजन उतरत असते तोवर हे गुपित गोड असते. वाढू लागले की त्याच गुपितामुळे दुःख सांगायला माणूस उरत नाही. साऱ्या जगाला सांगा असे आम्ही म्हणत नाही, शरीर तुमचे आहे. पण एक तरी व्यक्ती अशी हवी जिला सगळे ठाऊक आहे. नवरा असेल तर उत्तम, नसेल तर बहीण, मैत्रीण, मोठी झालेली लेक.

आणि त्या व्यक्तीसमोर रडू आले तर रडावे. पैसा, वेदना, महिनोन्‌महिने मोजून खाल्लेले घास, आरशात पहिल्यांदा आवडलेला चेहरा, हे हातातून निसटताना दुःख होणारच. 'शुक्र करो, इतके तरी उतरले' हे वाक्य खरे असले तरी पहिल्या दिवशी बोलायचे नसते. सब्र करणे म्हणजे दुखत नाही असे दाखवणे, असा अर्थ कोणी करत असेल तर तो आम्हाला पटत नाही.

घरच्यांविषयी थोडे कडक लिहावे लागेल. पोटाचे तीन भाग करण्याची हदीस आपल्या सर्वांना पाठ आहे. गंमत अशी की, ती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून ऐकवली जाते. ती स्वतःच्या पोटासाठी आहे. आणि एकमेकांची टर उडवू नये, टोपणनावे ठेवू नयेत हे सूरह हुजुरातमध्ये स्पष्ट आलेले आहे, ते मात्र दस्तरखानावर कोणाला आठवत नाही. पतीला एक विनंती. वजन किती झाले हे विचारू नका. 'तपासणी कधी आहे, मी येऊ का' हे विचारा. आणि घरात सर्वांचा चहा कमी साखरेचा झाला तर एकट्या तिलाच वेगळे वागवल्यासारखे होणार नाही.

वाढलेल्या वजनावर पुढे उपाय आहेत का? आहेत. आहार आणि औषधे तपासून बदल करणे ही पहिली पायरी. काहींना दुसरे ऑपरेशन सुचवले जाते, त्यात धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो, म्हणून घाई नको. भूक कमी करणारी आठवड्याला एकदा घ्यायची नवी इंजेक्शने २०२५ पासून आपल्याकडेही मिळतात. ती महाग आहेत, बंद केल्यावर वजन पुन्हा वाढू शकते, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. मोहल्ल्यातल्या कोणाच्या सांगण्यावरून मागवू नयेत. वजन फार भराभर वाढत असेल, उलट्या होत असतील, घास अडकत असेल, तर लाज बाजूला ठेवून लगेच सर्जनकडे जावे.

मन मात्र वेगळे पाहावे लागते. पूर्वी दुःखात खाण्याचा आधार होता, तो ऑपरेशनने काढून घेतला, पण दुःख तिथेच राहिले, असे बऱ्याच जणींचे होते. झोप उडाली, कशातच रस उरला नाही, रात्री उठून खाण्याचे झटके येऊ लागले, किंवा जगणे नको असे विचार आले, तर समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. हे दुआच्या ऐवजी नाही, दुआच्या सोबत आहे.

रमजानबद्दल हमखास विचारले जाते म्हणून सांगतो. ऑपरेशन झालेल्या भगिनींनी रमजान उजाडण्याची वाट न पाहता शाबानमध्येच डॉक्टरांची वेळ घ्यावी आणि रक्त तपासून घ्यावे. लहान जठरात इफ्तार ते सहेरीच्या वेळात पुरेसे पाणी आणि प्रथिने बसवणे सोपे नसते, त्यामुळे रोजे ठेवता येतील की नाही हे प्रत्येकीचे वेगळे ठरते. आजाऱ्याला सवलत आहे, आणि राहिलेल्या रोज्यांचे काय करायचे ते आलिमांना विचारता येते. रोजे ठेवायचे ठरले तर लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र घेऊ नयेत, दोन तासांचे अंतर हवे. एक इफ्तारच्या जेवणानंतर आणि दुसरी तरावीहनंतर घेता येईल. पाणी जेवताना न पिता आधी किंवा अर्ध्या तासाने, घोट घोट. खजूर एक पुरे. शरबताचा जग मात्र आपल्यापासून जरा लांब ठेवायला सांगावा, आणि कोणी कारण विचारले तर डॉक्टरांनी सांगितले आहे एवढे उत्तर द्यावे.