राजवंशांचा वारसा आणि राष्ट्राचा दावा

चीनमध्ये राजवंश बदलले, राष्ट्र मात्र हजारो वर्षे अखंड राहिले, असे तेथील राज्यकर्ते आवर्जून सांगतात. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु अखंड राहिले ते नेमके काय, याची छाननी व्हावयास हवी.

१२७१ साली कुबलाईखानाने युआन घराण्याची घोषणा केली. तो मंगोल होता. १६४४ साली मांचूंनी बीजिंग घेतले व छिंग घराण्याचा अंमल बसविला. दोघांनीही चिनी दप्तर, चिनी लिपी आणि सम्राटास राज्य करण्याचा आदेश स्वर्गाकडून मिळतो ही कल्पना स्वीकारली. नवे घराणे आधीच्या घराण्याचा इतिहास लिहवून घेई आणि त्याद्वारे आपला वारसाहक्क सिद्ध करी. मंगोलांना घालवून १३६८ साली सत्तेवर आलेल्या मिंग घराण्याने दोनच वर्षांत युआन घराण्याचा इतिहास पुरा करविला आणि परक्यांनाही आपल्या पूर्वमालिकेत बसविले.

तेव्हा अखंड राहिली ती मुख्यत्वे राज्ययंत्रणा. तिचा भार वाहणाऱ्या शेतकऱ्याला राजा कोणता हवा, हे कोणीच विचारले नाही. १६४५ साली मांचूंनी पुरुषांना डोक्याचा पुढला भाग मुंडवून वेणी राखण्यास फर्मावले. न मानणाऱ्यास देहदंड होता. 'राष्ट्र' ही कल्पना पुष्कळ नंतरची. आपल्या देशाला राजवंशांच्या नावांखेरीज स्वतःचे नावच नाही, अशी खंत विचारवंत लियांग छिछाव यांनी १९०१ साली व्यक्त केली होती.

मांचूंना हुसकावण्याची प्रतिज्ञा करून क्रांतिकारक उठले. परंतु १९१२ साली प्रजासत्ताक आले तेव्हा हान, मांचू, मंगोल, हुई व तिबेटी या पाच समाजांचे ऐक्य पुकारून मांचूंच्या साम्राज्याचा सारा मुलूख आपला म्हणून सांगण्यात आला. शिनच्यांग हा प्रदेश छिंग सैन्याने अठराव्या शतकाच्या मध्यास जिंकला. त्या नावाचा अर्थच 'नवी सरहद्द' असा आहे. तरीही २०१९ सालच्या सरकारी श्वेतपत्रिकेत तो दीर्घकाळापासून चीनचा अविभाज्य भाग असल्याचे ठासून सांगितले आहे.

चिनी संस्कृतीचे सातत्य थोर आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या आधारे उइगुर वा तिबेटी माणसाची भाषा, धर्म आणि स्वत्व दडपणे समर्थनीय ठरत नाही. सम्राटाने जिंकलेली भूमी वारशाने मिळते. तेथील जनतेची संमती प्रत्येक पिढीत नव्याने मिळवावी लागते.